दोन फूट डावीकडे

संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. वाचनालयातल्या लांब टेबलाशी एक आजोबा येऊन बसतात, गुळगुळीत कागदाचं मासिक उघडतात, दोन पानं उलटतात. मान जरा तिरकी करून बघतात, मग चष्मा वर-खाली करून बघतात. शेवटी उठतात, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरतात आणि ती दोन फूट डावीकडे ओढतात. कर्रर्रर्र! दालनातल्या झाडून साऱ्या माना वर होतात. ‘आजोबा, खुर्ची जागेवर राहू द्या हं,’ काउंटरवरून आवाज येतो. ‘इथं दिसतं हो बाई,’ आजोबांचं एवढंच उत्तर, आणि ते वाचायला लागतात. रात्री कुलूप लावण्याआधी खुर्ची पुन्हा रांगेत जाते. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा कर्रर्र, पुन्हा माना, पुन्हा तेच दोन फूट. बाकीचे या प्रकाराकडे म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून बघतात आणि सोडून देतात. पण एक प्रश्न मात्र चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहतो. दोन फूटच का? एक नाही, चार नाही, रोज नेमके दोनच का?

उत्तर छतात आहे. अशा दालनांचं खोटं छत बहुतेक वेळा ६० × ६० सेंटिमीटरच्या चौकटींचं असतं आणि त्यातल्या काही चौकटींत त्याच मापाचे एलईडी दिवे बसवलेले असतात. साठ सेंटिमीटर म्हणजे दोन फूट. आता टेबलावर सपाट ठेवलेलं चकचकीत पान म्हणजे एक मंद आरसाच. वाचणाऱ्याचा डोळा टेबलापासून सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असतो आणि पान त्याच्यापुढे साधारण फूटभर अंतरावर. डोळ्यातून निघालेली रेघ पानावर आपटून त्याच कोनात वर जाते. छत तीन मीटर उंच असेल, तर ती वाचकाच्या समोर पावणेदोन-दोन मीटरवर छताला टेकते. नेमक्या त्या जागी दिवा असला, की अक्षरांवर दुधाळ पापुद्रा चढतो आणि काळी शाई करडी दिसू लागते. खुर्ची आणि मासिक दोन्ही दोन फूट सरकवले, की ती रेघ दिव्याच्या चौकटीतून शेजारच्या साध्या चौकटीत जाते. आजोबांनी हे गणित मांडलेलं नसतं. त्यांच्या मानेनं मांडलेलं असतं.

गंमत अशी, की लक्समापक, म्हणजे उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र, घेऊन तपासायला आलेल्या माणसाला तिथं काहीच खोट सापडणार नाही. वाचनाच्या टेबलावर ५०० लक्स हवेत, तिथं ते भरतातही. मापक पानावर पडणारा उजेड मोजतो, पानावरून डोळ्यात उसळणारा मोजत नाही. यासाठी खरं उपकरण म्हणजे दाढीचा छोटा आरसा. पुस्तक जिथं राहील तिथं तो सपाट ठेवायचा, खुर्चीत वाचायच्या बेतानं बसायचं आणि आरशात बघायचं. दिवा दिसला तर ती जागा चुकली. चाळीस खुर्च्यांचं दालन अर्ध्या तासात तपासून होतं. एकच पथ्य पाळायचं: हा तपास टेबलं मांडून झाल्यावर आणि छत बंद व्हायच्या आधी करायचा. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. दिव्यांचा नकाशा एक जण काढतो, टेबलांचा दुसरा, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून कुणीच बघत नाही. उपाय तसे साधे आहेत. दिव्यांच्या रांगा टेबलाच्या समोर न येता दोन टेबलांमधल्या वाटेवर याव्यात, म्हणजे उजेड वाचकाच्या दोन्ही बाजूंनी येतो. किंवा उजेड आधी पांढऱ्या छतावर फेकावा आणि तिथून खाली येऊ द्यावा. किंवा छतावरचा उजेड २००–३०० लक्सवर आणून टेबलावर खाली झुकलेल्या टोपीचे दिवे द्यावेत. हा शेवटचा उपाय म्हाताऱ्या डोळ्यांना मानवतो, कारण साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश असतो. पण टेबलावरचा दिवा वाचकाला स्वतः हलवता आला पाहिजे आणि त्याची वायर टेबलाच्या पायातून जमिनीत गेली पाहिजे. वाटेवरून लोंबणारी वायर एक-दोन महिन्यांत कुणाच्या तरी पायात येतेच.

मांडण्यांच्या उजेडाची तऱ्हा वेगळी. तिथं उजेड उभ्या पृष्ठावर हवा, पुस्तकांच्या कण्यांवर, तोही अगदी तळाच्या फळीपर्यंत सुमारे २०० लक्स. छतावरचा दिवा मांडणीच्या माथ्यावर झकास पडतो आणि तळाची फळी काळोखात राहते. मग तिथली पुस्तकं कुणी नेत नाही, आणि ती कुणी नेत नाही म्हणून एक दिवस रद्दीच्या यादीत जातात. दिवे दोन मांडण्यांमधल्या वाटेच्या मधोमध, वाटेच्याच दिशेनं लांब लावले आणि खालची फळी थोडी मागे कलती ठेवली, की गुडघे न टेकता नावं वाचता येतात. वाटेखालची फरशी फिकी असली तर तीही थोडा उजेड वर परतवते. गडद गालिचा तो गिळून टाकतो.

अल्वार आल्टो या फिनिश वास्तुकारानं वीपुरी गावच्या वाचनालयात हाच प्रश्न छतापासून सोडवला होता. ती इमारत १९३५ मध्ये पुरी झाली. गाव तेव्हा फिनलंडचं होतं, आता ते रशियात आहे आणि व्हीबोर्ग म्हणून ओळखलं जातं. वाचनदालनाच्या छतात त्यानं ५७ गोल झरोके ठेवले, प्रत्येक जवळजवळ १.८ मीटर व्यासाचा आणि नळकांड्यासारखा खोल. खोली अशी बेतलेली, की सूर्य माथ्यावर कितीही चढला तरी त्याचा सरळ किरण आत येऊ नये. ऊन झरोक्याच्या आतल्या पांढऱ्या भिंतीवर आपटतं, फुटतं आणि ५७ ठिकाणांहून मऊ होऊन खाली उतरतं. पानावर हाताची सावली पडत नाही आणि चकाकीही येत नाही, वाचक कुठंही आणि कसाही बसो. तिथं खुर्ची दोन फूट सरकवायचं निदान उजेडाचं तरी कारण नाही. वास्तुकार लुई कानच्या अमेरिकेतल्या एक्झिटरच्या १९७२ मधल्या ग्रंथालयात तऱ्हा वेगळी आहे. तिथं बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीपाशी, एकेकट्याच्या लाकडी बैठका आहेत आणि प्रत्येकीला आपापली छोटी सरकती झडप. ऊन आलं तर ज्याची त्यानं ओढून घ्यायची. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही आणि शेजाऱ्याच्या उजेडालाही धक्का नाही.

तरीही खुर्ची सरकतेच.

विल्यम व्हाइट या अमेरिकी निरीक्षकानं शहरातल्या मोकळ्या जागांवर कॅमेरे रोखून माणसं कशी बसतात हे वर्षानुवर्षं टिपलं. त्याला दिसलेली एक गोष्ट विसरता येत नाही: सुटी खुर्ची समोर आली, की माणूस बसण्याआधी ती चार बोटं इकडे किंवा तिकडे सरकवतो. ऊन नसतं, अडचण नसते, कधीकधी तर खुर्ची फिरून पहिल्याच जागी येते. सरकवल्यावर ती त्याची होते, बहुधा एवढंच. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं नूतनीकरण १९९२ मध्ये पुरं झालं, तेव्हा तिथं सुट्या खुर्च्या ठेवण्यामागे त्याचाच सल्ला होता. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या वाचनदालनात बसून दुसरी गोष्ट टिपली. ज्याला एकटं राहायचंय तो टेबलाच्या टोकाची खुर्ची धरतो, आणि ज्याला अख्खं टेबलच आपल्याकडे राखायचंय तो मधली. म्हणजे सहा खुर्च्यांचं टेबल नकाशात सहा जणांचं असलं, तरी तीन जण बसले की ते भरल्यासारखं वाटतं आणि चौथा दारातून आत डोकावून परत जातो. माणशी ९० × ६० सेंटिमीटर जागा, समोरासमोर बसणाऱ्यांच्या मध्ये टेबलाची रुंदी निदान १२० सेंटिमीटर आणि मधोमध वीतभर उंचीची पट्टी एवढं केलं, की चौथा बसतो, कधी पाचवाही. पट्टी डोळ्यांच्या उंचीपर्यंत नेली तर मात्र परीक्षेच्या खोलीचा भास होतो आणि काउंटरवरून काही दिसत नाही ते वेगळंच. काही ठिकाणी हा सगळा विचार टाळण्यासाठी खुर्च्या जमिनीला बोल्टनं जखडतात. झाडणं सोपं होतं, हे मान्य. पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकाला टेबलाशी जागाच उरत नाही. त्याला टेबलाखाली गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंटिमीटर उंच पोकळी आणि वळायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं.

आता त्या कर्रर्रबद्दल. पाइपची खुर्ची आतून पोकळ असते. पायाचं टोक फरशीवर घासलं, की नळीच बोलू लागते आणि वरची प्लास्टिकची बैठक तो आवाज दालनभर पसरवते. म्हणून पायांना टोप्या घालतात. तिथंच गोंधळ आहे. साध्या प्लास्टिकच्या टोपीला पाइपची धार आतून कापते. वरून टोपी शाबूत दिसते आणि तळातून लोखंड उघडं पडलेलं असतं. तळाला धातूची चकती असलेली टोपी घेतली, तर ते होत नाही. मऊ काळं रबर गुळगुळीत फरशीवर काळे ओघळ सोडतं आणि सरकायच्या ऐवजी अडतं, मग खुर्ची उड्या मारत जाते. चिकटवायची फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाची, चकती सगळ्यांत शांत, पण तिला दोन शत्रू. पुसायच्या फडक्याचं पाणी, त्यानं गोंद सुटतो. आणि बुटांबरोबर येणारी बारीक वाळू. ती फेल्टमध्ये रुतली की चकतीचा पॉलिशपेपर होतो आणि लाकडी जमिनीवर ओरखडे उमटू लागतात. म्हणून खिळ्यानं किंवा स्क्रूनं बसणाऱ्या टोपीतली फेल्ट घ्यावी, दारात माणसाची निदान चार-पाच पावलं पडतील एवढं लांब पायपुसणं टाकावं आणि वर्षातून दोनदा सगळ्या खुर्च्या उलट्या करून बघाव्यात. साठ खुर्च्यांचे दोनशे चाळीस पाय. त्यांतला एक जरी बोडका झाला तरी तोच सगळ्यांच्या वतीनं बोलतो. सुट्या टोप्यांची पिशवी पहिल्या खरेदीतच मागून ठेवणं शहाणपणाचं, कारण तीन वर्षांनी तोच व्यास मिळेल याची खात्री नसते. चार पायांऐवजी खाली दोन आडव्या दांड्या असलेली खुर्ची घेतली, तर ती गालिच्यावर सुळकन सरकते. कडक फरशीवर मात्र दांडीखाली गुंड्या लागतात, नाहीतर वाळू अख्ख्या दांडीखाली दळली जाते.

खुर्चीचा आवाज एकवेळ चालेल, पण भिंतीपलीकडून चेंडूचा आवाज येतो त्याचं काय? वाचनालय आणि खेळाचं सभागृह एका छपराखाली आणायची कल्पना छान आहे. मुलगी बॅडमिंटन खेळते, तिचे बाबा शेजारी वाचत बसतात. फक्त सभागृह आधी स्वतः शांत व्हायला हवं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातलं व्याख्यानगृह असंच बिघडलेलं होतं. एक शब्द उच्चारला, की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि पुढचे शब्द त्यावर चढायचे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक करून खोलीत मांडल्या आणि दर खेपेला घुमणं किती घटलं ते घड्याळ लावून मोजलं. सकाळच्या आत गाद्या परत. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. ३० मीटर लांब, १८ रुंद आणि ८ उंच असं सभागृह घ्या. घनफळ ४,३२० घनमीटर, आतली सगळी पृष्ठं मिळून १,८४८ चौरस मीटर. सिमेंट, पत्रा आणि लाकूड सरासरी पाच टक्केच आवाज शोषतात असं धरलं, तर शोषण ९२ चौरस मीटर आणि घुमणं साडेसात सेकंद! शिट्टी मारणाऱ्या प्रशिक्षकाचा घसा का बसतो आणि मुलं का किंचाळतात ते या आकड्यात आहे. घुमणं दोन सेकंदांवर आणायला एकूण ३४८ चौरस मीटर शोषण हवं. त्याच्या जागचं सिमेंट गिळायचं त्याहून वर, अंगावर पडणाऱ्या आवाजातला आणखी ऐंशी टक्के भाग चांगलं शोषक फलक गिळतं असं धरा. म्हणजे ३२० चौरस मीटर फलक, छताचा सुमारे साठ टक्के भाग.

हे गणित नीट करूनही बिघडवायचे मार्ग पुष्कळ. फलक पातळ घेतले तर किंचाळणं मरतं आणि चेंडूची ढब्बढब्ब तशीच राहते, कारण खालचे सूर जाड थर आणि मागची मोकळी हवा मागतात. ५० मिलिमीटर जाडी आणि मागे तेवढीच पोकळी असावी. कापडी फलक चेंडूच्या टप्प्यात लावले तर पहिल्याच हंगामात खड्डे पडतात. म्हणून तीन मीटरच्या खाली सिमेंटमिश्रित लाकूडतंतूंचे फलक किंवा लाकडी पट्ट्यांमागे दडवलेला शोषक. आणि चार-पाच वर्षांनी रंगकाम निघतं, तेव्हा कुणीतरी उत्साहानं छताच्या फलकांवरही रोलर फिरवतो. भोकं बुजतात, छत पांढरंशुभ्र दिसतं आणि घुमणं परत येतं. ते का परत आलं हे मग कुणालाच कळत नाही. रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

दोन खोल्यांमधली भिंत जाड बांधणं त्या मानानं सोपं. घोडं अडतं ते दाराशी. भिंतीच्या क्षेत्रफळाचा एक टक्का जरी उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, ती २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दाराखालची बोटभर फट, विजेच्या नळ्यांसाठी पाडून न बुजवलेली भोकं, दोन्ही खोल्यांना जोडणारी वातानुकूलनाची एकच नळी, सगळं त्या एका टक्क्यात धरायचं. शिवाय ढब्ब हा आवाज हवेतून कमी आणि फरशी-खांबांतून जास्त येतो. त्यावर दार घट्ट करून काही होत नाही. वाचनदालन खेळाच्या जमिनीखाली ठेवायचंच नाही आणि शेजारी ठेवायचं तर मध्ये सामानाची खोली, स्वच्छतागृह, बोळ असं काहीतरी घालायचं, एवढाच खात्रीचा उपाय. तो नकाशावर फुकट असतो आणि इमारत उभी राहिल्यावर जवळजवळ अशक्य.

सामानाच्या खोलीचा विषय निघालाच आहे, तर ती नेहमी लहान निघते. सभागृहात महिन्यातून एकदा सभा भरते, दोनशे खुर्च्या लागतात. दहा-दहाच्या चवडी केल्या तर वीस चवडी, प्रत्येकीला हालचालीसह अर्धा ते पाऊण चौरस मीटर. म्हणजे नुसत्या खुर्च्यांनाच दहा-पंधरा चौरस मीटर, अजून जाळी, खांब आणि टेबल टेनिसची दुमडलेली टेबलं बाकीच. खोलीचं दार दोन पाखांचं, पावणेदोन मीटर रुंद आणि बिनउंबऱ्याचं हवं, कारण उंबऱ्यावर ढकलगाडीचं चाक अडतं आणि दहाची चवड पुढे कलंडते. ही खोली विसरली, की खुर्च्या आगीच्या वेळी पळायच्या बोळात जाऊन उभ्या राहतात. आणि खेळाच्या लाकडी जमिनीच्या कडेनं भिंतीपाशी जी फट सोडलेली असते, ती कृपा करून सिमेंटनं बुजवू नये. दमट हवेत लाकूड फुगतं. त्याला जायला जागा उरली नाही, तर ते मधोमध उचलून येतं.

मांडण्यांबद्दल मोजकंच. पुस्तकांचं वजन लोक विसरतात. मांडण्यांच्या दालनाची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ७३० किलो भार धरून बांधतात, वाचनदालनाची २९० धरून. म्हणून ‘वाचकांना वरून खाली आणू आणि मांडण्या वर नेऊ’ हा बैठकीत सुचलेला बदल आधी इमारतीच्या अभियंत्याला दाखवावा, सुताराला नंतर. भुशाच्या बोर्डाची १८ मिलिमीटरची फळी ९० सेंटिमीटरच्या पल्ल्यावर पुस्तकांखाली हळूहळू झोळ धरते आणि एकदा धरला की सोडत नाही. पल्ला ६० ठेवावा किंवा फळी पोलादी घ्यावी.

राहिली आजोबांची खुर्ची. वाचनालय ‘घरगुती’ दिसावं म्हणून आजकाल बुटके, खोल सोफे आणायची टूम आहे. फोटोत ते देखणे दिसतात. बैठक ३८ सेंटिमीटरवर आणि हात टेकायला काही नाही, अशा सोफ्यातून सत्तरीचा माणूस उठतो कसा, हे एकदा उभं राहून बघावं. तो आधी पुढे घसरतो, मग गुडघ्यांवर तळवे रोवतो, मग आजूबाजूला बघतो. पुढच्या वेळी तो त्यात बसत नाही. बैठक ४५ सेंटिमीटरवर, बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत येणारे हात, खाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा आणि पाठ व बैठकीच्या मध्ये बोटभर फट, म्हणजे कचरा खाली पडतो. गादीचं आवरण चेनचं आणि त्याखाली पाणी न झिरपणारा पदर, नाहीतर लहान मुलाच्या एका अपघातानंतर खुर्चीच फेकावी लागते. आवरणाचं कापड एक लाख वेळा घासून बघायची चाचणी पास झालेलं घ्यावं. घरच्या सोफ्याचं कापड इथं पुरत नाही, कारण घरी दिवसातून पाच माणसं बसतात आणि इथं पन्नास.

आणि ते दोन फूट? साठ बाय साठच्या छतात दिव्याची चौकट आणि शेजारची साधी चौकट यांची अदलाबदल हे एका शिडीचं आणि एका वायरमनचं अर्ध्या तासाचं काम आहे. वर वायर दोन हात सैल सोडलेली असली पाहिजे, इतकंच. ज्या टेबलाशी दिवा हलवला आणि खुर्च्यांना नव्या टोप्या बसवल्या, त्याच टेबलाशी संध्याकाळी सहाला आजोबा आले. चकचकीत मासिक उघडलं. मान तिरकी केली, पान डोळ्यांपुढे नीट उभं राहिलं. काउंटरवरच्या बाई मान वर करून बघतच होत्या. आजोबा उठले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, ती चार बोटं डावीकडे सरकवली, आवाज झाला नाही, आणि बसले.